निशाणी नांगर

दसऱ्याच्या दिवशी आमच्या उमापूरच्या घरी पाटावर विळा-कोयते मांडले जायचे, आम्हा पोरांच्या पाट्या-पुस्तकं मांडली जायची आणि सगळ्यांच्या मधोमध लाल खारव्यात बांधलेला बस्ता. आजी त्याला हळदकुंकू वाहायची, वर आपट्याचं पान ठेवायची. आत काय आहे असं विचारलं तर म्हणायची, "गाव हाय त्यात." दुसऱ्या दिवशी खारव्याची गाठ सुटायची, तीही जुनी वेखंडाची पूड झटकून नवी भुरभुरण्यापुरती. कसर आणि वाळवी यांच्याशी तिचं वर्षाला एकदा असं भांडण चालायचं. मग बस्ता पुन्हा माजघरातल्या लाकडी पेटीत.

आमच्याकडे पिढीजात पटवारीपण होतं. ते संपलं तेव्हा सरकारी दप्तर तहसिलीत जमा झालं. घरात उरले ते घरचे कागद: कर्जरोखे, पावत्या, लग्नाच्या याद्या, विहिरीच्या पाळ्यांचे करार, सोयऱ्यांची पत्रं. 1948 साली रझाकारांच्या भीतीनं आमच्या भागातली कितीतरी घरं निजामाच्या मोगलाईतून नगर जिल्ह्याच्या हद्दीत गेली. देश स्वतंत्र झाला होता, तरी आमच्याकडची माणसं त्या बाजूला 'इंग्रजी हद्द'च म्हणत. आजी रात्री बैलगाडीत बसली तेव्हा बस्ता ज्वारीच्या पोत्यात खुपसलेला होता. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली, बस्ताही परतला. भांडीकुंडी मात्र निम्मी गेली होती. भांड्यांचं दुःख आजीनं कधी बोलून दाखवलं नाही.

मी कॉलेजात असताना बस्ता पहिल्यांदा पुरा उघडला आणि एक अक्षर वाचता येईना. बरेचसे कागद मोडीत, काही उर्दूत. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास कारभारातली फारसी जाऊन उर्दू आली, म्हणून नंतरच्या पिढ्यांच्या कागदांत उर्दूही शिरलेली. मला तेव्हा फक्त फाटलेल्या कडा दिसल्या. मोठ्या मायेनं मी त्यांना चिकटपट्ट्या लावल्या. आयुष्यात कागदांचं सर्वांत जास्त नुकसान मी केलं असेल तर त्या दुपारी. वीस-पंचवीस वर्षांत पट्टी पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि पट्टी सुटते तेव्हा शाईचा पापुद्रा घेऊन सुटते. काजळीची शाई शे-दोनशे वर्षं फिकी पडत नाही, पण या गोंदापुढे तिचं काही चालत नाही.

मोडी शिकलो ते नोकरीतून मोकळा झाल्यावर, पुराभिलेख खात्याच्या दहा दिवसांच्या वर्गात. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, हे हातात बसलं तसं डोळ्यांतही बसलं. उर्दू कागद एका निवृत्त शिक्षकमित्रानं वाचून दिले. फसली सनात 590 मिळवायचे, वर्षाचा पहिला महिना अजूर ऑक्टोबरात सुरू होतो, अमरदाद म्हणजे पुढच्या इसवी सनातला जून-जुलै, एवढं कळलं आणि कागद बोलायला लागले. अमरदाद 1330: सहा पायली बाजरी, बियाण्यासाठी, सुगीला परत. म्हणजे 1921 चा पाऊस पडला होता आणि कुणाच्या तरी घरात पेरायला दाणा नव्हता. रकमा निजामाच्या हाली शिक्क्यात. आमचे सात रुपये इंग्रजी सहांच्या बरोबरीचे.

वाचत गेलो तशी एक गोष्ट मनाला लागत गेली. या बस्त्यात आमचं घर फार थोडं होतं. आमच्या पणजोबांची जेमतेम चार पत्रं. बाकी सगळे शेजारी: कुणाची बैलजोडी, कुणाची बांधावरची चिंच, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं देणं. एक दाट, जाडसर कागद होता, दौलताबादकडच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदासारखा. बांधाच्या तंट्यात गावानं बसून केलेला निवाडा. खाली साक्षीदारांची नावं. लिहिता न येणारांनी नावापुढे आपापल्या कामाची खूण काढलेली: न्हाव्यानं आरसा आणि कुणब्यांनी नांगर. एक नांगर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. इसाड लांब, रुमणं जरा वाकडं, फाळाशी शाईचा थेंब साचलेला. बोरू हातात धरायची सवय नसलेल्या हातानं जोर देऊन काढलेला. त्याच्या टोकावरून माझी चिकटपट्टी गेली होती.

2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे आमच्यापासून फार लांब नसलेल्या अंतरवाली सराटीचं नाव देशभर झालं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कुणबी नोंदींचा शोध थेट हैदराबादपर्यंत गेला आणि मराठवाड्यात मोडी वाचणारा माणूस एकाएकी हवाहवासा झाला. आमच्या पडवीतही माणसं येऊन बसू लागली. सरकारी नोंद माझ्याकडे नाही, हे घरगुती कागद आहेत, त्यांचा उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही, असं आधीच बजावायचो. तरी येत. वेशीकडच्या आळीतले एक गृहस्थ म्हणाले, "दाखल्याचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. आमच्या पणज्याचं नाव हाय का तेवढं बघा." होतं. तो वाकड्या रुमण्याचा नांगर त्यांच्या पणज्याचा होता. त्यांनी बोट पुढे केलं, पण कागदाला लावलं नाही, वरच्या वरच थांबवलं. बराच वेळ त्या रेघेवरून हवेतच फिरवलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण पाच पिढ्या हा बस्ता जपला याचा अभिमान होता, तो होताच. पण दुसऱ्यांचे पणजे आपण पेटीत कुलूप लावून ठेवले होते, हेही तेवढंच खरं. इतिहासकार वि. का. राजवाडे असेच कागद मागत गावोगाव हिंडले. वाईला सापडलेल्या पत्रांचा पहिला खंड त्यांनी 1898 साली काढला. त्यांच्यामागे धुळ्याला 1927 मध्ये त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं, म्हणून त्यांनी गोळा केलेलं विखुरलं नाही. गावोगावच्या घरांतलं किती चुलीत आणि रद्दीत गेलं, त्याची मोजदाद कोण करणार?

बस्ता छत्रपती संभाजीनगरच्या एका अभिलेखागारात दिला. तिथल्या बाईंनी कागदांचा क्रम आधी होता तसाच उतरवून घेतला. म्हणाल्या, कशाशेजारी काय ठेवलं होतं, हीसुद्धा माहितीच असते. माझ्या पट्ट्या पाहून त्या रागावल्या नाहीत. एकेक पट्टी सोडवायला त्यांना कित्येक दिवस लागले. नांगराचा फाळ वाचला, शाईचा थेंब अर्धा गेला. सगळ्या पानांची छायाचित्रं झाली, कागद आम्ल नसलेल्या खोक्यांत गेले. खारवा मात्र त्यांनी परत दिला, त्याचा रंग कागदाला लागतो म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात ते गृहस्थ मूळ कागद बघायचा म्हणून माझ्याबरोबर आले. आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी येत होते. धुतलेलं धोतर, हातात पिशवी, पिशवीत बाईंसाठी आणलेल्या घरच्या शेंगा. दारातल्या वहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका गेवराई लिहिला. पुढचा रकाना 'अभ्यासाचा विषय'. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय लिहू, गुरुजी?"

"ज्यासाठी आलात ते लिहा."

पेन घट्ट धरून, सावकाश, त्यांनी लिहिलं: पणजोबा.