गाय काय देते?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर तलासरी लागते. तिथून आत वळलं की ताडाची झाडं, भाताची खाचरं आणि दूर दूर विखुरलेले पाडे दिसू लागतात. हाच उधव्याचा परिसर. पालघर जिल्ह्याच्या अगदी टोकाला. दादरा-नगर हवेलीची हद्द इथून जवळच. वस्ती बहुतेक आदिवासींची, त्यांत वारली पुष्कळ. इथल्याच एका पाड्यावर मी तिसरीच्या मुलांना शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. शिकले मात्र मीच!

पावसाळ्याचे दिवस होते. ‘पाळीव प्राणी व त्यांचे उपयोग’ हा पाठ झाला. फळ्यावर मी लिहून दिलं : गाय – दूध, कोंबडी – अंडी, मेंढी – लोकर. मग चाचणी घेतली. एका मुलाने लिहिलं, ‘गाय बैल देते आणि शेण देते.’ मी लाल पेनाने भली मोठी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आई म्हणाली, “बाई, तो ढोरांमागं गेलाय.” भात कापून होईपर्यंत ढोरं मोकळी सोडता येत नाहीत, शेतात शिरली की वर्षाचं धान्य गेलंच. म्हणून दोघे भाऊ आळीपाळीने ती राखत होते.

माळावर गेले. डोक्यावर इरलं, हातात काठी. मला पाहताच त्याने विचारलं, “बाई, फुली का मारली? आमची गाय दूध नाय देत. दूध वासराचं. वासरू मोठं झालं का त्याचा बैल. बैल नाय तर नांगर कोण ओढील?”

मी गप्पच झाले. त्याच्या घरी मी नेहमी कोरा चहा प्यायले होते. तेव्हा कधी प्रश्नच पडला नव्हता!

मग शेणाचं त्याने सांगितलं. पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून जाळतात. त्याला ‘राब’ म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. त्या जागेवर भाताचं बी पेरतात आणि रोपं वाढली की चिखलणी करून ती खाचरात लावतात. म्हणजे ताटातल्या भातात शेणाचा वाटा आहेच.

“आणि बकरी?” मी विचारलं.

“बकरी म्हंजे पैसे. बहीण आजारी पडली तवा एक विकली.”

“कोंबडी अंडी देते ना?”

“अंडी खाल्ली तर पिल्लं कुठनं येतील?” असं म्हणून तो हसला. मेंढी मात्र त्याने कधी पाहिलीच नव्हती.

परतताना त्यांच्या घराची भिंत नीट पाहिली. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, वर गेरू आणि तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रं. हीच ती वारली चित्रकला! डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एक गंमत. दिवाळीत तुमच्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते ना? त्याच दिवशी इथे वाघबारस असते. वाघदेवाला पुजून सांगायचं, ‘आमची ढोरं सांभाळ.’ एक पूजा गाईची, दुसरी गाईसाठी!

ढोरांमागे जाणाऱ्या मुलांचा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं, की गुरं राखणारी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच मुलांकडे नेली! गुरं चरतात तिथे कुरणात ही शाळा भरे, म्हणून तिचं नाव ‘कुरणशाळा’. डी.एड.ला असताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. खरं कळलं ते त्या माळावर.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि मुलांनाच विचारलं, “सांगा, तुमच्या घरची गाय काय देते?” फळा पुरला नाही! त्याच्या वहीतल्या फुलीवर कागद चिकटवून मी ‘बरोबर’ लिहिलं आणि ज्या दिवशी त्याची ढोरं राखायची पाळी असे, त्या दिवशी शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन माळावर जाऊ लागले. भातकापणी झाल्यावर तो रोज शाळेत येऊ लागला. वर्षाअखेरीस चौथीत गेला.

मुलांनो, तुमच्या पुस्तकातलं उत्तर खोटं नाही. गाय दूध देतेच. पण कोणाला, ते एकदा वासराला विचारून बघा!