चढावर दम सोडणारी गाडी

सपाट रस्त्यावर जवळपास सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. इंजिनात खरंच किती दम आहे हे कळायला घाट लागतो. गणित साधं आहे. माणसं-सामानासकट १२०० किलोची गाडी सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने चालवायला दोन किलोवॅटसुद्धा लागत नाहीत. आता चढ असा घ्या की १२ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर जाते. तिथे तोच वेग राखायचा, तर नुसतं वजन वर न्यायलाच आणखी आठ किलोवॅट लागतात. गावात महिनोन्‌महिने लपून राहिलेला दोष त्यामुळे घाटाच्या पहिल्या दोन-चार वळणांतच उघडा पडतो.

आमच्याकडे तो कुंभार्ली घाटात उघडा पडला. आई-बाबा चिपळूणला राहतात, आत्या घाटावर पाटणला. बाबा ६८ वर्षांचे. महिन्यातून एकदा तरी स्वतः गाडी चालवत बहिणीकडे जायचे. मागच्या पावसाळ्यानंतर ते जाणं बंद झालं. आत्या फोनवर विचारायची, बाबा म्हणायचे, ‘बघू.’ दिवाळीला मी पुण्याहून घरी गेलो, तेव्हा आईने सांगितलं की ते गाडी विकायचं म्हणतायत.

मी बाबांना विचारलं. म्हणाले, “अरे, पायात आता जोर राहिला नाही. मी दाबतो, पण गाडी चढत नाही. मागून एसटी हॉर्न मारत राहते. नको वाटतं.”

एका गॅरेजवाल्याने त्यांना क्लच प्लेट बदलायला सांगितली होती. दुसरा म्हणाला होता, “गाडी जुनी झाली, काका.” त्या ‘जुनी झाली’मध्ये बाबांनी स्वतःलाही धरलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरवी सुरळीत चालणारी आणि लोड आला की मान टाकणारी सिस्टिम हे माझं रोजचं काम. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नसतं. लोड असतानाच मोजायचं असतं. गाडी २०१४ची, पेट्रोलची. स्टिअरिंगखाली ओबीडीचा सॉकेट होता. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला, मोबाइलवर ॲप उघडलं आणि बाबांना म्हटलं, “तुम्हीच चालवा, मी आकडे बघतो.”

पोफळीच्या पुढे चढ सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरवर, आरपीएम २५००च्या आसपास अडकलेला, वेग घसरत चाललेला. क्लच घसरत असता तर उलटं दिसलं असतं: आरपीएम वर पळतो आणि वेग तिथेच राहतो. इथे इंजिनच वर जात नव्हतं. म्हणजे क्लच प्लेटचा खर्च वाचला. उंचीवर हवा विरळ होते हे खरं, पण साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद त्यामुळे हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी कमी होते. आम्ही तर पायथ्याशीच होतो.

मग थ्रॉटलचा आकडा पाहिला. ८५ टक्के. पाय नीट दाबत होता. त्याच्या पायातून निघालेला हुकूम इंजिनापर्यंत पोहोचत होता, फक्त तो पाळला जात नव्हता.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्यांना स्क्रीन दाखवली. “बाबा, हा तुमचा पाय. पाय ठीक आहे.” ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, “मग काय बिघडलंय?”

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. शिवाय जळलेला धूर बाहेर पडायला मोकळी वाट. एअर फिल्टर स्वच्छ होता, प्लग नुकतेच बदलले होते. कोडं सोडवलं ऑक्सिजन सेन्सरने. हा सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसतो आणि जळल्यानंतर किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडायला सांगतो. तेव्हा या सेन्सरने ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवायला हवेत. आमच्याकडे तो ०.१ दाखवत होता. हवा भरपूर, पेट्रोल कमी. सायलेन्सर चोंदला असता तर हवाच कमी आत आली असती आणि असा आकडा आला नसता.

खाली येऊन तिसरं गॅरेज गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी आकडे शांतपणे ऐकले आणि पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडला. (हे घरी करू नका. लाइनमध्ये दाब असतो आणि आत पेट्रोल असतं.) गाडी जागेवर उभी असताना दाब तीन बारच्या वर, अगदी नॉर्मल. गॅरेजमध्ये कुणालाच काही सापडत नव्हतं ते यामुळेच. मग गेज काचेला टेपने चिकटवून आम्ही चढावर गेलो. थ्रॉटल दाबला आणि काटा दोनच्या खाली उतरला.

मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या तोंडाशी असलेली जाळी काळ्या-तपकिरी गाळाने भरली होती. सपाटीवर जेवढं पेट्रोल लागतं तेवढं त्यातून झिरपत होतं, घाटाला लागतं तेवढं येत नव्हतं. इंजिनचा दिवा का लागला नाही, तेही इथेच कळतं: बाबा गावात चालवायचे तेव्हा सगळे आकडे मर्यादेत असायचे. मिस्त्रींनी टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलला. पंप तोच ठेवला. पुन्हा घाटात गेलो, तर दाब हलला नाही आणि सेन्सरने ०.८५ दाखवले.

पुढच्या रविवारी आत्याचा फोन आला. बाबा तिच्याकडे पोहोचून जेवायला बसले होते.

बाबांचं वय काही कमी झालेलं नाही. कधीतरी घाटात गाडी चालवणं त्यांना थांबवावं लागेल. त्यासाठी डोळे तपासू, रात्रीचा प्रवास आधी बंद करू, आणि ते ठरवताना मीही त्यांच्यासोबत असेन. पण तो निर्णय त्यांच्या शरीराकडे बघून व्हायला हवा. काही शे रुपयांच्या, गाळाने भरलेल्या जाळीने तो परस्पर घेऊन टाकला होता, आणि आम्ही सगळ्यांनी तो जवळजवळ मान्यही केला होता. घरातलं कुणी ‘आता मला जमत नाही’ म्हणालं, तर एकदा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून चढावर जाऊन या.