धरल्याची तारीख

अनुवाद करताना 'ताजा' हा शब्द मला कधी अडला नव्हता. तो अडला बंगळुरूत, आई मालवणहून कायमची आमच्याकडे राहायला आल्यावर. तिच्या हिशेबी ताजा मासा म्हणजे रापणीचा: किनाऱ्यावर जाळं ओढलं, टोपलीत वाटा पडला, तासाभरात कालवण चुलीवर. बाकी सगळा बर्फातला. "माका नको गो तो बर्फातलो मासो," म्हणून ती वरणभातावर उठायची. वय ७७, वजन उतरत चाललेलं. हसून सोडून द्यावं असं ते नव्हतं.

मंगळूर इथून साधारण ३५० किलोमीटर. मासा रात्री शिराडी घाट चढून येतो, पण त्याचा प्रवास त्याआधीच सुरू झालेला असतो. खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर आठ-दहा दिवसांनी बंदराला लागतात. पहिल्या दिवशी धरलेली सुरमई आणि शेवटच्या दिवशीची सुरमई एकाच बर्फातून रसेल मार्केटात येतात आणि दोघींना 'फ्रेश'च म्हणतात. (तिथे सुरमईची अंजल होते, बांगडा मात्र बंगुडे होऊन जवळपास तसाच राहतो.) त्यापेक्षा धरल्याबरोबर बर्फात गेलेला आणि लगेच नीट गोठवलेला मासा महिन्याभरानेही चांगला लागतो, असं माझं ठाम मत आहे.

नीट म्हणजे लवकर. माशातलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान गोठतं. तिथे तो रेंगाळला की बर्फाचे खडे मोठे होतात, पेशी फाडतात, आणि वितळताना रस निघून जाऊन तुकडीचा चोथा होतो. घरच्या फ्रीजरात पाच किलोंचं गाठोडं कोंबलं तर दुसरं काय होणार? म्हणून मी तुकड्या कोरड्या टिपून ताटात एकेरी मांडते. दगडासारख्या झाल्या की बर्फगार पाण्यात बुडवून पुन्हा आत. वर काचेसारखा थर बसतो, हवा लागत नाही. कोळंबी तर पाण्यातच गोठवते. पापलेट सहा महिने राहतं. बांगडा तेलकट, दोन-तीन महिन्यांत खवटतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी, तेवढ्याला तो पुरतो. मात्र धरल्यावर तो बर्फाविना तापत पडला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते ना गोठवून जातं ना शिजवून.

आईवर यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही. खारा बांगडा ती जन्मभर पावसाळ्यात खात आली, तो शिळा नाही, माझा शिळा! फ्रीजरातलं पाकीट हातात घेऊन तिचा प्रश्न एकच: "ह्यो मासो धरलो कधी?" पाकिटावर तारीख असायची ती गोठवल्याची. तिला ती नको होती.

मासेवाल्याला विचारलं तर तो आधी हसला, मग त्याच दिवशी परतणाऱ्या होड्यांचा माल वेगळा काढून दाखवू लागला. आता आम्ही तोच घेतो. पाकिटांवर तारीख आई लिहिते, धरल्याची. गेल्या बुधवारी तिने त्यातलं एक स्वतः काढलं, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, दोन तुकड्या खाल्ल्या आणि तिसरी घेताना म्हणाली, मीठ कमी पडलं.