गाडी कुणाच्या पैशाची?

घोडेगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. डिंभ्याच्या कालव्यावरचे आणि घोड नदीवरचे पंप जळाले की शेतकरी ते माझ्याकडे घेऊन येतात. संध्याकाळी सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि माझं घर चालतं. अल्लाहने कुणाची रोजी कुठे ठेवली असेल, सांगता येत नाही. तांब्याची तार आणि वार्निशच्या वासात 25 वर्षं गेल्यामुळे, घरात विजेवर चालणारी गाडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच प्रांत. यात आपल्याला कोण शिकवणार?

जुनी डिझेल जीप थकली होती. अम्मींना दर महिन्याला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. दोनदा खेडच्या घाटात जीप बंद पडली आणि अम्मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून तसबीह ओढत राहिल्या. गाडी हवीच होती, त्यात हौसेचा भाग थोडा आणि गरजेचा जास्त होता, असं मी स्वतःला सांगत होतो.

पैसेही होते. मंचर रस्त्याची अब्बांची जमीन विकली होती. अब्बा मरहूम होऊन चार वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस म्हणून अम्मी, मी आणि माझ्या दोन्ही बहिणी अशी चार नावं लागली होती. मोठी आपा संगमनेरला, धाकटी मुंब्र्याला. खरेदीखताच्या दिवशी दोघी आल्या, सह्या करून गेल्या. खर्च वजा जाता 32 लाख अम्मींच्या आणि माझ्या जोडखात्यावर जमा झाले. जेवताना आपा म्हणाली, ‘‘भाई, हमना कुछ नको. तू मोठी गाडी घे आणि ईदला आम्हाला न्यायला ये.’’ धाकटीनेही मान हलवली. मी बिर्याणी वाढत होतो. विषय संपला, असं मी धरलं.

मग सुरू झाला गाड्यांचा शोध. मुलगा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा जीव महिंद्राच्या एक्सईव्ही 9ई वर. गाडी आपल्या चाकणलाच बनते, हा त्याचा पहिला मुद्दा. 79 किलोवॅट-अवरची बॅटरी, कंपनीचा दावा एका चार्जमध्ये 656 किलोमीटरचा, समोर 12.3 इंचांचे तीन पडदे, वर काचेचं छत. तिची धाकटी बहीण बीई 6. तिचं नाव आधी बीई 6ई होतं, पण 6ई हा इंडिगो विमान कंपनीचा जुना शिक्का असल्याने ती कोर्टात गेली आणि नावातला ‘ई’ गळाला. हा किस्सा मुलाने मला तीनदा सांगितला. एक्सईव्हीच्या सर्वांत वरच्या मॉडेलची शोरूम किंमत तेव्हा 30 लाख 50 हजार होती, चार्जर वेगळा. मी मनातल्या मनात 32 मधून ते वजा केले. बसत होतं.

दुसरी होती ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक. जानेवारी 2025 मध्ये 18 लाखांच्या आतबाहेर सुरू झालेली. आतून अगदी नेहमीच्या क्रेटासारखी, म्हणून माझ्या पत्नीला आवडली. तिसरी टाटाची नेक्सॉन, 45 किलोवॅट-अवरची, 14 लाखांच्या आसपास. मुलाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ‘‘अब्बू, ही तर सगळेच घेतात.’’

चौथा पर्याय भाच्याने फोनवर सुचवला. एमजीची विंडसर, बाजारात आली तेव्हा बॅटरी सोडून 9 लाख 99 हजारांना, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये.  आमच्या घरात व्याजाचं कर्ज घेत नाहीत, अब्बांनी कधी घेतलं नाही. त्यामुळे मला प्रश्न पडला की हे भाडं आहे की हप्ता? जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांना विचारलं. ते म्हणाले, नावावर जाऊ नका, कराराचा कागद आणा, त्यात काय लिहिलंय ते बघू. कागदात मध्ये फायनान्स कंपनी होती. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. एसी लावून, घाट चढून, घरातली पाच माणसं बसवून तो मिळत नाही. 489 चा दावा असलेल्या नेक्सॉनमधून रोजच्या वापरात तीनशे-साडेतीनशे मिळतील, असा हिशोब धरावा. पुण्याला जाऊन यायला तेवढे पुरून उरतात. घाट उतरताना तर मजा असते. चाकंच मोटार फिरवतात, मोटारीचा जनरेटर होतो आणि वीज परत बॅटरीत जाते. पंपाच्या मोटारीचंही तत्त्व हेच, पण ती बिचारी आयुष्यभर फक्त घेते.

खरी मेख घरात असते. आमच्याकडे सिंगल फेज. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर 45 ची बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला बरेच तास लागतात, 79 ची तर दुसऱ्या रात्रीवर जाते. भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर लावायचा तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. आणि अर्थिंग! गावातल्या निम्म्या घरांत अर्थिंगची तार नुसती भिंतीत गेलेली असते, जमिनीत नाही. चार्जर ते ओळखतो आणि गाडी भरायला नकार देतो. मी दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करणारा, पण माझ्याच घराचं अर्थिंग तपासलं तेव्हा शरम वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नवी पट्टी पुरली.

खर्चाचं म्हणाल, तर एका युनिटला साधारण सहा-सात किलोमीटर धरा. महिन्याला हजार किलोमीटरसाठी दीडशे-पावणेदोनशे युनिट. घरच्या बिलाचा स्लॅब चढतो, तरी डिझेलच्या निम्म्याहून कमी. विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आणि महाराष्ट्रात रस्ता कर माफ.

हे सगळं मी एका वहीच्या पानावर मांडलं होतं. तीन उभे रकाने, खाली बेरजा. पुण्याच्या शोरूममध्ये एक्सईव्ही चालवून आलो त्या रात्रीची गोष्ट. गाडी खरंच सुरेख. पाय टेकवला की पाठ सीटला चिकटते, आवाज नाही. मुलगा परतीच्या वाटेत मंचरपर्यंत बोलत होता. रात्री पत्नीने वही ओढून घेतली. वरती मी लिहिलं होतं, ‘बजेट 32’.

‘‘हे बत्तीस कुणाचे?’’ तिने विचारलं.

मी म्हणालो, बहिणींनी स्वतः सांगितलं की काही नको.

ती म्हणाली, ‘‘मीसुद्धा सांगितलं होतं.’’

तिचं माहेर जुन्नरचं. तिच्या वडिलांची जमीन तिच्या भावांनी वाटून घेतली तेव्हा तिला तहसीलमध्ये नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. वाटेत उसाचा रस पाजला होता. हे मला माहीत होतं, पण रसाचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘नाही म्हटलं असतं तर पुढच्या ईदला कुठल्या दारात गेले असते? तुमच्या बहिणीही तेच मोजत होत्या. तुम्ही विचारलंत ते जेवायला वाढताना. हातात पैसे ठेवून विचारलंत का?’’

मी पेन्सिल घेतली. आठवा हिस्सा अम्मींचा, म्हणजे 4 लाख. उरलेल्या 28 मध्ये मुलाचे दोन वाटे, मुलींचा एकेक. माझे 14, दोघी बहिणींचे सात-सात. लहानपणी मदरशात शिकलेलं हे गणित मी दुसऱ्यांच्या भांडणात कितीतरी वेळा सांगितलं आहे. ओळखीच्या वकिलांनी एकदा सांगितलं होतं की 1937 च्या शरीयत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, त्यावर बराच वाद घालता येतो. त्या रात्री तेही आठवलं. माणसाला अडचणीच्या वेळी काय काय आठवतं!

सकाळी फज्रनंतर अम्मींना सांगितलं. त्या फार काही बोलल्या नाहीत. ‘‘आधी मुलींचं दे, मग गाडी बघ,’’ एवढंच. आणि स्वतःचे चार लाख बाजूला ठेवायला सांगितले, त्यातून त्यांना हजला जायचं आहे, तब्येतीने साथ दिली तर. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते बहिणींना पैसे घ्यायला लावणं. आपाने फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिच्या मिस्टरांनी उचलला आणि ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू आहे, हे मला ठाऊक होतं. धाकटी तर रडायलाच लागली. ‘‘भाई, हिशोब मिटवून माहेर बंद करतोस का?’’ याला मी काय उत्तर देणार? मी म्हणालो, खातं नंबर पाठव, बाकीचं समोर आल्यावर बोलू. तिने आठ दिवसांनी पाठवला.

माझ्या 14 लाखांत, जीप विकून आलेले दीड लाख घालून, कुणाचा एक रुपया व्याजाने न घेता जी बसली ती नेक्सॉन. तरी कमीपणा घेतला असं मला वाटत नाही. 45 च्या बॅटरीला पहिल्या खासगी मालकासाठी 15 वर्षांची वॉरंटी आहे. लांबी चार मीटरच्या आत आहे. पावणेपाच मीटरहून लांब असलेली एक्सईव्ही मशिदीच्या बोळातून आमच्या दारापर्यंत वळली असती का, हा प्रश्न मुलाने किंवा मी, दोघांनीही आधी विचारला नव्हता. विजेच्या गाडीला नंबरची पाटी हिरवी असते. चौकात कुणीतरी हसून म्हणालं, ‘‘चाचा, तुमच्यासाठी खास रंग दिलाय का सरकारने?’’ मी म्हणालो, उद्या तुम्हीही घ्या, तुम्हालाही हिरवीच मिळेल.

गेल्या महिन्यात माळशेज घाटाने मुंब्र्याला गेलो. जाताना उतार होता म्हणून पोचलो तेव्हा निम्म्याला जवळ बॅटरी शिल्लक होती. येताना चढ, म्हणून कल्याणला तासभर थांबून भरली. मुलाने वाटेत गाडी चालवली आणि घाटात परत आलेली वीज पडद्यावर बघत बसला, म्हणजे आता बोलतो आहे.

धाकटीने दार उघडलं, आधी माझ्याकडे आणि मग खाली गाडीकडे पाहिलं. दरवर्षी तिला इंद्रायणी तांदळाची गोणी जाते, अब्बांच्या वेळेपासून. ती जिन्यानेच खाली आली आणि डिकी उघडायला लावली.

‘‘एकच गोणी आणलीस?’’ ती म्हणाली.

दुसरी मागच्या सीटवर होती.