कुडाच्या घरातला उन्हाळा

वाचकहो, उन्हाळ्यात पाहुणे म्हणून कुठे जावे असे विचारले, तर कोणीही महाबळेश्वर-माथेरानचे नाव सांगेल. आम्ही तुम्हाला डोळखांबला बोलावतो आहोत, तेही ऐन मे महिन्यात! शहापूर-मुरबाडकडे तेव्हा पारा 40 च्या वर चढतो. साग उघडेबोडके झालेले असतात आणि पूर्वेला आजोबाचा डोंगर उन्हाच्या धगीत धुरकट दिसतो. आसनगाव स्टेशनावर उतरावे, शहापूरला येऊन एस.टी. धरावी. वाटेत करवंदांचे द्रोण मिळाले तर घ्या.

पण बघायचे आहे ते घर. डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांत अजून कुडाची घरे टिकून आहेत. तुमची ओळखपाळख असेल तर अशा घरी दोन रात्री राहा. भर दुपारी बाहेरून आलात की आधी वाकावे लागते, इतकी पडवीची वळचण खाली उतरलेली. उन्हाचा कवडसा भिंतीपर्यंत पोचतच नाही. आत सारवलेली जमीन पायाला गार लागते, आणि डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग हळूहळू ऐनाचे खांब, कोपऱ्यातली कणगी, माळ्यावरचा पेंढा दिसू लागतो. पंखा नसला तरी जीव निवतो.

ही किमया कारवीची. सह्याद्रीत उगवणारी ही झुडपे साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात आणि मग वाळतात. त्यांच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर माती, शेण नि भाताचा भुसा यांचा गिलावा दिला की कुड झाला. भिंत जाड नसते, पण मातीची असल्यामुळे पत्र्यासारखी तापून उठत नाही. कुडाच्या नि छपराच्या मध्ये फट असते, कौलांतही सांदी असतात. तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. माळ्यावर पेंढा रचलेला असला तर छपराची धग खाली येत नाही. ज्याने हे पहिल्यांदा बांधले त्याला कोणी इंजिनिअर भेटला नव्हता.

तिकडे आफ्रिकेत मोरोक्को देशातल्या मराकेश शहरी अशीच युक्ती आहे, पण दुसऱ्या रीतीची. तिथल्या जुन्या घराला रियाद म्हणतात. बाहेरून जाड भिंत, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. मधे अंगण, त्यात झाडे आणि पाण्याचे कारंजे. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण यावी असे. सोलापूर-मराठवाड्यातली धाब्याची घरेही त्याच जातीची, जाड मातीची. कोरड्या मुलखाला ते शोभते. डोळखांबला जर मातीचे सपाट धाबे घातले तर इथला पाऊस ते आषाढातच वाहून नेईल. म्हणून इथे उतरते छप्पर.

मराकेशची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथली पुष्कळ कुटुंबे जुनी घरे सोडून नव्या वस्तीत गेली. 1990 नंतर ती घरे परदेशी लोकांनी विकत घेतली, डागडुजी केली आणि पाहुण्यांसाठी उघडली. आज लांबलांबचे प्रवासी चांगले पैसे मोजून त्यांत झोपतात, आणि मालक मात्र बहुधा तिसराच!

आपल्याकडे काय चालले आहे ते तुम्ही बघताच. कुड पाडून पत्रा किंवा स्लॅब. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो, म्हणून माणसे अंगणात खाटा टाकतात. तरीही पाडणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. सारवण कोण करते? घरची बाई. दर वर्षी शाकारणी, कुडाला वाळवी, भिंतीत विंचू, कधी सापही. पक्क्या घराची आस तिलाच जास्त असते आणि ती खोटी नाही. शहरातून येऊन दोन रात्री राहणाऱ्याने तिला मातीचे गोडवे सांगू नयेत.

मात्र नवे घर बांधताना जुन्याची एक खोली, निदान पडवी, राखता येते. स्लॅबवर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचे दोन हात द्यावेत, पांढरा रंग ऊन परतवतो. पत्र्यावर पेंढा पसरता येतो, फक्त चुलीचा धूर नि ठिणगी दूर हवी, आणि पावसाआधी तो काढावा. महाराष्ट्र सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शहरातला पाहुणा येतो तो याच गार खोलीसाठी. स्लॅबची खोली त्याची त्याला असतेच.

आणि पाहुणे म्हणून जाल तर एक सांभाळा. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच शहापूर तालुक्यात, पण मे महिन्यात इथल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पडवीतला माठ कोणीतरी डोक्यावरून आणून भरलेला असतो. आंघोळीला एक बादली पुरते. जेवायला नाचणीची भाकर, सुकट, कैरीची चटणी मिळेल. रात्री दार उघडे ठेवून झोपा; पहाटे पांघरूण लागते.