पेन्सिलीची वही

सीसीआयई या नेटवर्किंगच्या परीक्षेतल्या लॅबचा अभ्यास करणाऱ्याला ‘कुठवर आलंय?’ असं विचारलं, की उत्तर टक्क्यांत मिळतं. साठ टक्के झालं, ऐंशी झालं. हे टक्के बघून झालेल्या व्हिडिओंचे असतात, नाहीतर संपवलेल्या वर्कबुकच्या पानांचे. माझ्या लेखी या टक्क्यांना फारसा अर्थ नाही, कारण ते कधी कमी होत नाहीत. बघितलेला व्हिडिओ बघितलेलाच राहतो. डोक्यातून मात्र तो महिन्याभरात बराचसा उतरलेला असतो. अभ्यासाची नोंद अशी हवी, की तिला खालीही येता यावं.

सिस्कोनं ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू केली. तेव्हा लॅब दोन दिवस चालायची, २००१ पासून ती एका दिवसाची झाली. आताच्या एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चरच्या लॅबला आठ तास असतात: पहिले तीन डिझाइनचे, पुढचे पाच प्रत्यक्ष नेटवर्क उभं करण्याचे, चालवण्याचे आणि सुधारण्याचे. डिझाइनमध्ये उत्तर देऊन पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. दोन्ही भागांत किमान गुण लागतात, त्यामुळे एकातली कमाई दुसऱ्याला तारत नाही. पुण्या-मुंबईकडची मंडळी त्यासाठी सहसा बेंगळुरू गाठतात आणि एका खेपेची फी लाखाच्या वर जाते. तारीख घ्यायची की थांबायचं, हे अंदाजपंचे ठरवण्याची ही बाब नाही.

म्हणून मी एक लांबट वही ठेवली आहे आणि ती पेन्सिलनं लिहिते. डावीकडे विषय, पुढे एकच अक्षर. ‘वा’ म्हणजे वाचलं. ‘ब’ म्हणजे वर्कबुक समोर ठेवून, बघून केलं. ‘न’ म्हणजे कोऱ्या राउटरवर न बघता केलं. आणि ‘प’ म्हणजे काही आठवडे त्या विषयाला हात न लावता, मग परत बसून, न बघता केलं. ‘न’पर्यंत बहुतेक सगळे पोचतात. आदल्या संध्याकाळी केलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी येतंच. परीक्षेच्या टेबलावर उपयोगी पडतो तो ‘प’. तोही टिकेलच असं नाही. ठरावीक काळानं फिरून तपासायचं, हात अडखळला की खोडायचं आणि सरळ ‘ब’ लिहायचं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून, विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या कमांडना अर्थ असतो, म्हणून त्या जरा जास्त टिकतात, एवढंच.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त खोडाखोड रीडिस्ट्रिब्यूशनच्या ओळीवर आहे. दोन राउटर एकाच वेळी ईआयजीआरपी आणि ओएसपीएफ यांच्यात दोन्ही बाजूंनी राउट पोचवतायत असं धरा. ईआयजीआरपीत बाहेरून आलेल्या राउटचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १७०, ओएसपीएफचं ११०. पहिल्या राउटरनं असा राउट ओएसपीएफमध्ये टाकला, की दुसऱ्याला तो दोन्हीकडून दिसतो. आकडा लहान म्हणून तो ओएसपीएफचा धरतो आणि पुन्हा ईआयजीआरपीत ढकलतो. मग पॅकेट भलत्याच वाटेनं जातं, किंवा तिथल्या तिथे फिरत बसतं. उपाय टॅगचा: राउट पलीकडे टाकताना त्याला खूण लावायची आणि उलट वाटेवर ती खूण दिसली की अडवायचं. वाचताना हे दर वेळी लख्ख पटतं. कोऱ्या राउटरवर रूट-मॅप लिहायला बसलं की मात्र टॅग कुठे लावायचा आणि कुठे अडवायचा, यावर बोटं थांबतात. असे विषय वहीमुळेच ओळखू येतात. ते कळायला सोपे असल्यामुळे वही नसती तर कधीच ‘झाले’ म्हणून बाजूला पडले असते.

दुरुस्तीच्या सरावाची नोंद वेगळी ठेवते. माझा अभ्यासातला जोडीदार ईव्ह-एनजीवर उभी केलेली टोपॉलॉजी मुद्दाम मोडून पाठवतो. दोष सापडायला किती मिनिटं लागली ते मी लिहिते, पण त्याच्याआधी कुठल्या क्रमानं कमांड टाकल्या ते लिहिते. तो फोनवर पहिला प्रश्न तोच करतो.

“आधी काय टाकलंस?”

“शो आयपी ओएसपीएफ नेबर. एक्सस्टार्टवर अडकलाय.”

“बरं, मग?”

या ‘मग’चं उत्तर महत्त्वाचं. नेबर एक्सस्टार्टपर्यंत आला, म्हणजे हॅलो दोन्हीकडे पोचतायत. एरिया आणि टायमर जुळले आहेत, नाहीतर तो इथवर आलाच नसता. हॅलोमध्ये एमटीयूचा आकडा नसतो. तो डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या पॅकेटमध्ये येतो, आणि एका टोकाला १५०० नि दुसऱ्या टोकाला १४०० असेल, तर १४०० वालं टोक ते पॅकेट नाकारतं. तेव्हा दुसरी कमांड इंटरफेसचा एमटीयू बघण्याचीच हवी. अख्खं रनिंग-कन्फिग वरून खाली चाळूनही दोष सापडतो, कदाचित तितक्याच मिनिटांत. घड्याळाच्या नोंदीत दोन्ही सारखेच दिसतील. क्रम लिहिला असेल तर कळतं, की एकात विचार होता आणि दुसऱ्यात नशीब.

अभ्यासक्रमाची विभागणी वहीच्या पहिल्या पानावर आहे. सीसीआयई एंटरप्राइजच्या पहिल्या आवृत्तीत मूळ नेटवर्कला ३० टक्के, सॉफ्टवेअर डिफाइन्ड भागाला २५, आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा व सेवा, ऑटोमेशन यांना प्रत्येकी १५ टक्के दिले आहेत. आम्हा नोकरी करणाऱ्यांचं दिवसभर ओएसपीएफ आणि बीजीपीशीच काम. घरी बसल्यावरही मन तिकडेच धावतं, कारण जे येतं ते करताना बरं वाटतं. पानाच्या खालच्या अंगाला पायथन आणि नेटकॉन्फच्या ओळींपुढे ‘वा’च्या रांगा दिसल्या, की कुठे बसायचं ते ठरतं.

किती तास बसले हे मी लिहीत नाही. नाइट शिफ्ट करून आल्यावरचे दोन तास आणि रविवारी सकाळचे दोन तास यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. अख्ख्या आठ तासांचा सराव करते त्या दिवशी मात्र तासातासाला टिपण असतं. दमलेला हात वाइल्डकार्ड मास्कच्या जागी सबनेट मास्क टाकतो, ०.०.०.२५५ ऐवजी २५५.२५५.२५५.०, आणि दमलेले डोळे ते बघूनही पुढे जातात. म्हणून शेवटी तपासणीला किती वेळ उरला हा आकडा मी लाल रेघेखाली लिहिते. सगळ्या ओळींवर ‘प’ असला, तरी हा आकडा तासाच्या आत असला तर तारीख घ्यायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

या शनिवारी टोपॉलॉजी मोडायची पाळी माझी. एमपीएलएसवरच्या एका व्हीआरएफमध्ये इम्पोर्टच्या रूट टार्गेटचा आकडा बदलून ठेवलाय. बीजीपीचा नेबर व्यवस्थित अप दिसेल, लेबलंही असतील, पण ग्राहकाच्या पलीकडच्या शाखेला पिंग लागणार नाही. त्याला फोन लावीन तेव्हा मीही आधी तेच विचारणार आहे.