आधी बघ, मग चालव

खानापूरहून बेळगावला कॉलेजात येताना माझ्या मागे धाकटी बहीण बसते. बसची वेळ आणि तिच्या तासांची वेळ जमत नाही, म्हणून वडिलांनी जुनी शंभर सीसीची मोटारसायकल घेऊन दिली. "वाटेत काही झालं तर तिचं कॉलेज बंद," असे आईने पहिल्याच दिवशी बजावले. तेव्हापासून निघण्यापूर्वीची पाच मिनिटे गाडीची.

हे शिक्षण आमच्या कन्नड बोलणाऱ्या मिस्त्रींचे. "तम्मा, मोदल नोडु, आमेले होडि," असे ते नेहमी म्हणतात; म्हणजे आधी बघ, मग चालव.

प्रथम हवा. चाके थंड असतानाच ती मोजावी; धावून तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो. माझ्या गाडीला एकट्यासाठी पुढे २५ व मागे २८ पौंड लागतात. बहीण बसायची म्हणजे मागे बरीच जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरहून कमी उरली तर दुचाकी रस्त्यावर आणणे नियमाविरुद्ध. आमच्या खानापुरी पावसात ती त्याआधीच घसरू लागते.

मग ऑइल. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून, पट्टी पुसून पुन्हा घालावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. चेन मधोमध वरखाली हलवून पाहावी. दोन-तीन सेंटिमीटर ढिली चालते. फार ताठ चेनही वाईटच. तांबडी माती बसली की पुसून तेल द्यावे. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. ॲक्सिलरेटरची मूठ सोडताच आपोआप मागे फिरली पाहिजे.

शेवटी मागचा दिवा. उसाच्या हंगामात रात्री रस्ता ट्रॅक्टरांनी भरतो, तेव्हा आपण मागच्याला दिसणे महत्त्वाचे. गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबला की भिंतीवरचा लाल उजेड वाढलेला दिसतो. दुसऱ्या माणसाची गरज नाही.

पुस्तपालनात आम्ही घसारा शिकतो. प्रत्येक यंत्र झिजते, त्याला इलाज नाही. पण वर्षअखेरीस कागदावर मांडलेला घसारा निराळा आणि भर रस्त्यात तुटलेली वायर निराळी. पहिला सर्वांना सोसावा लागतो, दुसरी बहुधा आधी दिसलेली असते, पाहणारा हवा.

हल्ली हवेचा गेज बहिणीच्याच हातात असतो. अठरा पूर्ण झाली की ती लायसन्स काढणार आहे.